ताटापुढे विचारू नये

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार

वरून, उत्तरेतल्या तळ्यावरच्या आपल्या गावाहून, विमानानं खोकं आलं. धुरावलेले मासे अकरा. मूस हरणाच्या मांसाचा एक गठ्ठा. ब्लूबेरीची बरणी एक — फुटकी! निम्मा रस माशांवर. भाडं साडेआठ डॉलर. चार मासे घरात ठेवले, बाकी सगळं इथं शहरात आपल्या लोकांसाठी चालणाऱ्या मैत्री केंद्राच्या बुधवारच्या जेवणाला. हे म्हणाले, "आपल्या घरातही माणसं जेवतात बरं का!" म्हटलं, वर देव बघतो आहे. तर म्हणाले, "बघतो, जेवत नाही. म्हणून त्याचं भागतं!"

व्हर्नाताईच्या मुलीबद्दल बालकल्याण कचेरीचं उत्तर आजही नाही. ताई क्षयाच्या इस्पितळात होती तेव्हा त्यांनी हॅरिएटला नेलं, ती परत दिलीच नाही. नऊ महिन्यांची होती. एकवीस वर्षं झाली. केंद्रातली डोरीन अशी नेलेली लेकरं शोधते. उन्हाळ्याच्या आधी तिनं अर्ज घातला. ताईचे डोळे साखरेनं नेले, आता मूत्रपिंडं. सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर. डॉक्टर हिवाळ्यापुढचं काही बोलत नाहीत. ताई टपालाचं विचारत नाही. मीच पेटी उघडून बघते.

५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी डोरीनशी थोडी खडाखडी. म्हणाली, "मावशी, जेवणाला येतील त्यांची नावं दारातच वहीत उतरवा. सरकार आकडा मागतं." म्हटलं, "आकडा ताटं मोजून देईन. ताटापुढे वही यायची नाही!" आमच्या आईनं आलेल्याला कधी विचारलं नाही — कोण, कुठला, कशाला आलास. आधी खाऊ घालायचं, शेगडीजवळची जागा द्यायची. पोट भरलं की माणूस आपण होऊन बोलतो. न बोलला तर त्याची मर्जी. विचारणं म्हणजे ऊठ म्हणणंच की. डोरीन शहरात जन्मलेली, पण आहे आपल्या क्री जमातीचीच पोर. हसली. "बरं बाई, तुमचंच खरं."

संध्याकाळी गर्दी झाली. मांस पुरलं, देवाची कृपा. एक नवी पोर आली होती. कोट काढला नाही, दाराजवळ बसली. दोनदा सूप वाढलं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

ती पोर परत आली. बूट भारी, दात एका रांगेत — गोऱ्यांच्या घरी वाढलेली असावी. तोंडवळा मात्र आपला. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघते! असं बघू नये हे तिला कुणी शिकवलं नाही वाटतं. ताईशेजारी जागा होती, तिथं बसवलं.

म्हातारा एझेकिएल नेहमीप्रमाणे सुरू! "आज सुपात हरीण आहे, की नुसतं पोहून गेलं?" मी म्हटलं, "पोहून गेलं. जाता जाता तुझं तोंड दिसलं, म्हणून थांबलं नाही." सगळे हसले. ती पोर जरा उशिरा हसली — उचक्या लागल्यासारखी, तोंडावर हात धरून. ताईनं चमचा खाली ठेवला. मग आपल्या पानातला मासा चाचपला, बोटांनी एकेक काटा काढला आणि तिच्या पानात सरकवला. यंत्राच्या दिवशी ताईला अन्न जात नाही.

१३ ऑक्टोबर

टपाल नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

ताई आज दुपारपासूनच केस विंचरून तयार. केंद्रात ती पोर आपण होऊन तिच्याशेजारी बसली. दोघी गप्प. ताईचं काय, ती नेहमीच गप्प.

जेवण झालं तरी पोर जाईना. दाराशी उभी. मला म्हणाली, "इथे सगळे एकमेकांना ओळखतात का?" म्हटलं, "ओळखतात की." मागून एझेकिएल — "नको इतकं! म्हणून तर मी लांब बसतो." या वेळी हसली नाही. मी एक मासा कागदात बांधून हातात दिला. पुढच्या बुधवारी ये म्हटलं. काहीतरी मागायचं राहून गेल्यासारखा चेहरा होता. पण मी विचारलं नाही.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

अक्षर बघा कसं येतंय!

सकाळी ताईला यंत्रावर सोडून आले, तर डोरीन दारात. आत आली, बसेना. मिनियापोलिसहून फोन होता म्हणाली. ती पोर! ती हॅरिएट होती! आपली हॅरिएट!

कचेरीनं आम्हाला उत्तर दिलं नाही, तिला मात्र दिलं — आईचं नाव आणि केंद्राचा पत्ता. सुट्टी काढून आली, इथं लॉजवर राहिली. आता तिचं नाव कॅरन. बुधवारी संध्याकाळी डोरीन घरोघरच्या फेरीवर, त्यामुळे दोघींची गाठच नाही. फोनवर म्हणाली, "आईचं नाव घ्यायचा धीर होईना. वाटलं, कुणीतरी विचारेल, तू कोण, कुणाची. तीनदा जेवले. नावसुद्धा कुणी विचारलं नाही. समजायचं ते समजले." पत्ता तेवढा दिला. फोनचा नंबर मात्र देणार नाही म्हणाली.

माझ्या हातानं वाढलं मी तिला! आणि वही नको म्हणणारीही मीच!

२२ ऑक्टोबर, शनिवार

काल ताईला सांगायचं टाळलं. आज चहा करून ताईला सांगितलं. वाटलं, कोसळेल. ती म्हणाली, "ठाऊक आहे."

काय?

"हसली तेव्हाच कळलं. तिचा बाप अगदी असाच हसायचा."

"मग बोलली का नाहीस? ताई! दोन बुधवार शेजारी बसलीस!"

"ती जेवत होती."

मी ओरडले. थोरल्या बहिणीवर! हे आतून धावत आले. ताई तशीच कप धरून बसलेली. म्हणाली, "नेताना तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, या खेपेला तिचं ती सांगू दे. दहा बुधवार लागोत. मला वाटलं, मी वाट बघते आहे हे तिला कळतंय."

तिला कसं कळणार गं ताई? ती लेकरू तिकडे वाढलं. तिकडे न विचारणं म्हणजे नको असणं.

२३ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये बसले, पण प्रार्थना तोंडात येईना. देवाला तरी मी कधी काय विचारते? तिथेही नुसती बसून असते.

२४ ऑक्टोबर, सोमवार

यंत्रावरून आल्या आल्या ताई म्हणाली, "कागद घे. मॅट्रिक झालीस ना, मग मी सांगते तसंच लिही. आपलं काही घालू नकोस." जन्मात जिनं कुणाला प्रश्न केला नाही, तिनं सांगितलेलं इथं उतरवून ठेवते. पाकीट उद्या पहिल्या टपालानं.

"नीट पोचलीस का? तुला कॅरन म्हणू, की हॅरिएट? मासा खाल्लास का? काटा राहिला नव्हता ना? तिकडे थंडी पडली का? झोप लागते का? पहिल्यांदा चाललीस तेव्हा कुणी धरलं होतं? माझा राग येतो का? तू कोण? कुणाची? परत कधी येतेस? उलट टपाली कळव."