पन्हळीवरच्या सकाळी

२४ फेब्रुवारी

प्रिय इबुकी,

त्या सकाळी मी आधी दारापुढचा बर्फ फावड्याने बाजूला केला, मग स्टोव्हमध्ये रॉकेल भरलं, मग भाताचे तीन गोळे वळले. दोन खारवलेला मासा घालून ह्यांच्यासाठी, एक खारातला जर्दाळू घालून तुझ्यासाठी, कारण तुला मासा आवडत नसे. तू फाटकाशी उभा होतास, नऊ वर्षांचा, तुझ्याहून उंच स्नोबोर्ड काखेत. आत ये म्हटलं तर म्हणालास, "नको काकू, बूट काढण्यात वेळ जाईल." मग हे, म्हणजे तुझे शिगेओकाका, बाहेर आले आणि तुम्ही दोघं डोंगराकडे निघालात. मी भांडी घासली. अशा सकाळी कितीतरी झाल्या. त्यातली हीच का आठवते, कोण जाणे.

असो. पत्राची सुरुवात अशी करत नाहीत. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली असेल. मी ठीक आहे. यंदा बर्फ फार पडला, पुढची खिडकी अजून पुरती उघडत नाही. हे पत्र तुला टोकियोत मिळेल, तिथले सत्कार उरकत आले असतील.

रौप्यपदकाबद्दल अभिनंदन. ते मी तुझ्या आईजवळ म्हटलंच आहे, पण तिने तुझ्यापर्यंत पोचवलं असेलसं वाटत नाही. ती माझ्यावर रागावली आहे.

कारण तुला ठाऊक आहे. गावी आल्यावर आमच्या घरी यायचं, पितरांच्या देव्हाऱ्यात ह्यांच्या फोटोपुढे पदक ठेवायचं आणि काकांना सगळं सांगायचं, असं तुझ्या मनात आहे. आईकडून तू दोनदा विचारलंस. टीव्हीवाल्यांनाही ते टिपायचं आहे. दोन्ही वेळा मी सांगितलं, त्या खोलीची जमीन उखडली आहे, सुतार यायचा आहे.

"कुठला सुतार?" तुझ्या आईने, मित्सुएने विचारलं.

"बाहेरगावचा."

"हात्सुएताई, तुमच्या अंगणात माझ्या बुटांशिवाय कुणाचे ठसे नाहीत."

मी चहा ओतला. ती म्हणाली, "पोरगं पदक आईच्या आधी शिगेओंना दाखवणार म्हणतं. मी आई असून ऐकून घेतलं. मग तुम्हाला काय जड जातंय?"

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देते.

अंतिम फेरी आम्ही गावच्या सभागृहात पाहिली. तिकडे रात्र, इकडे सकाळचे अकरा. सगळ्यांच्या हातात वाजवायचे लांबट फुगे. हे गेल्यानंतर मी फिरत्या वाचनालयातून हाफपाइपवरचं पुस्तक आणून वाचलं होतं, अडेल तिथे शब्दकोश घेऊन. दोन्हीकडे उभ्या भिंती असलेली बर्फाची ती घळ, जिला आपण गावात पन्हळ म्हणतो, ती अठरा हिवाळे हेच यंत्राने कापत होते. त्यात एवढं काय आहे ते मला समजून घ्यायचं होतं. त्यामुळे तीन फेऱ्यांतली सर्वांत चांगली एकच धरतात, हे शेजारी बसलेल्या तोफूवाल्या किशिदांना मीच समजावलं.

"म्हणजे दोनदा आपटला तरी चालतं?"

"चालतं."

"आमच्या धंद्यात नाही हो चालत, वहिनी."

पहिल्या फेरीत तू पडलास. दुसऱ्या फेरीत पन्हळीच्या काठावर पाठ आपटली आणि थेट तळापर्यंत घसरत गेलास. सभागृह हळहळलं. मला बरं वाटलं, इबुकी. तू उठून हात हलवलास तोवर, तेवढ्या वेळात मनात आलं, गेल्या ना सगळ्या सकाळी पाण्यात.

तिसऱ्या फेरीत तू इतका वर गेलास की पडद्यावर नुसतं काळं आभाळ आणि तू. चार गिरक्या, पलीकडच्या भिंतीवर उलट बाजूने पुन्हा चार. किशिदांनी त्यांचा फुगा माझ्या डोक्यावर वाजवला. मीही ओरडले. ते ओरडणंही खोटं नव्हतं.

मग ती मुलाखत. भीती वाटत नाही का, असं टीव्हीवालीने विचारलं. तू म्हणालास, "वाटते की. आमच्या गावात पन्हळ कापणारे शिगेओकाका होते, त्यांना उंचीची भीती वाटायची. यंत्र काठावर आलं की त्यांच्या तळहातांना घाम फुटायचा. मला म्हणायचे, भीती कुठे जात नाही रे, तिला शेजारी बसवायचं आणि यंत्र चालवायचं."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं.

"वहिनी! शिगेओ उंचीला घाबरायचा?" किशिदा म्हणाले. "अहो, देवळाचं छप्पर दरवर्षी त्यानेच साफ केलं!"

"घाबरायचे थोडेसे," मी म्हटलं. जशी काही घरातली जुनीच गोष्ट.

मला माहीत नव्हतं. सदतीस वर्षांचा संसार. दर हिवाळ्यात मीच म्हणायचे, अहो, छप्पर वाकायला लागलं, चढा आता. ते चढायचे. मी खाली उभी राहून सांगायचे, डावीकडचा बर्फ राहिला. उतरल्यावर ते बराच वेळ हात टॉवेलात गुंडाळून बसायचे. मला वाटायचं, थंडी.

आणि हे त्यांनी तुला सांगितलं. शाळकरी पोराला, यंत्राच्या काचेआड, मी वळलेला भात खाताखाता. घरी ताटावर बसले की "मीठ दे" म्हणायचे, "बातम्या लाव" म्हणायचे. मी धरून चालले की माणूसच अबोल आहे. अबोल माणसाबरोबर आपण निभावलं, ह्याचा थोडा अभिमानही बाळगला. अबोल नव्हतेच ते. त्यांचं बोलणं सकाळीच डोंगरावर संपून जात होतं.

मला तुझा मत्सर वाटतो. अडुसष्टाव्या वर्षी, वीस वर्षांच्या मुलाचा. लिहून बघितलं, शब्द एवढासाच आहे.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ते फक्त माझे आहेत. रोज ताजा भात ठेवते, पाणी बदलते, घंटा वाजवते आणि गावात काय चाललंय ते सांगते. ते बोलत नाहीत, पण आता कुणाशीच बोलत नाहीत, म्हणून चालतं. तू तिथे येऊन डोळे मिटणार, मनातल्या मनात काहीतरी सांगणार, ते ऐकणार, आणि मी स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवणार. हे मला जड जातं.

तुझा ह्यात दोष नाही. तुझे वडील कामासाठी वर्षाचे दहा महिने बाहेर, तुला कुणीतरी हवं होतं. आम्हाला मूल नव्हतं, त्यांनाही कुणीतरी हवं असेल. हे सगळं मला कळतं. कळून जळणं कमी होत नाही.

इथवर काल लिहून ठेवलं होतं.

आज सकाळी तुझ्या आईकडे गेले. म्हटलं, रविवारी पाठव इबुकीला, एकट्याला, टीव्हीवाले नकोत. तिने सुताराचं काही विचारलं नाही. माझ्यासाठी बसायला जागा केली.

तू ये. पण मनातल्या मनात बोलायचं नाही. त्यांना जे सांगायचं ते मोठ्याने सांग, आणि यंत्रात बसून ते तुला जे जे बोलले तेही सगळं सांग, मला ऐकू येईल असं. एका रविवारात नाही संपलं तर पुढच्या रविवारी ये.

घरी परतल्यावर मी देव्हाऱ्यापुढे दोन आसनं मांडली. पुढचं माझं आहे. तू मागच्यावर बस.

शिगेओंची बायको,
हात्सुए