शिनोनं दिलेला होकार

१० मे
सकाळी बंदर सोडलं. मी डोंगरातल्या लाकूडतोड्याचा मुलगा, शिनोच्या घरी घरजावई होऊन आलो आणि सासऱ्यांनी इंजिनाची नवी नाव आम्हा दोघांच्या हवाली केली. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, वाटेतल्या बंदरांत मुक्काम करायचे आणि शेवटी इनाशिमा बेटावर शिनोच्या आत्याला भेटून परतायचं. शिनो सुकाणू धरते, मी दोर नीट गुंडाळून ठेवतो. मला उलटी झाली तेव्हा ती म्हणाली, “जावईबापू, समुद्राला एवढा नैवेद्य पुरे.”

१२ मे
दुपारी एक बुडालेला माणूस तरंगताना दिसला. मी तोंड फिरवलं, पण शिनोनं इंजिन बंद केलं. इकडचे कोळी असं प्रेत सोडून जात नाहीत. ते त्याला एबिसु म्हणतात, मासळीचा देव मानतात. नावेवरच्या एकानं त्याला विचारायचं, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं. तिनं शिकवलं तसं मी विचारलं, “मासळी देशील? देशील तर तुला जमिनीवर नेऊ.”
शिनो जाड आवाज काढून म्हणाली, “देईन. बेटावर उतरवा.”
त्याला वर घेऊन चटईत गुंडाळलं. चेहरा माशांनी खाल्ला होता. संध्याकाळी जाळं ओढवेना, एवढी मासळी. शिनो म्हणाली की, बाबा आता तुमचं कौतुक करतील.

१३ मे
उकाडा फार. चटईतून झिरपलेलं पाणी भाताच्या भांड्यापर्यंत येतं. मी दोनदा पुसलं. वास सोसवेना आणि बेट अजून दिवसभर लांब. शिनो दुपारी आडवी झाली होती तेव्हा मी चटईला जादा नांगर बांधून प्रेत पाण्यात लोटलं. तिला सांगितलं, लाटेनं गेला.  ती रात्री जेवली नाही.

१४ मे
सकाळपासून शिनो जिवंत माशांची पोटं फाडून ते परत पाण्यात टाकते आहे. मी अडवायला गेलो. ती मला कधी अरेतुरे करत नाही. आज म्हणाली, “तू कबूल केलं होतंस. मी मासळी दिली.”
तोच जाड आवाज. पण आज तो आवाज ती काढत नव्हती.
मी गुडघे टेकून खरं सांगितलं, माफी मागितली. तिनं माझा डावा हात नावेच्या काठावर दाबला आणि सुरी — दोन बोटं गेली. मग ती स्वतःच्या आवाजात रडायला लागली. म्हणाली, अहो, मला बांधून ठेवा.

दुपार
बांधलं होतं. तिनं दोर दातांनी तोडला. तोंड रक्तानं भरलेलं. लोखंडी आकडा माझ्या खांद्यात — मी आतल्या खोलीत, दाराला फळी लावली आहे. बेट दिसतंय. तो बाहेरून तिच्या तोंडून बोलतो. म्हणतो, एक प्रेत उतरवायचं ठरलंय. तुझं, नाहीतर हिचं.

फटीतून दिसतं. ती काठावरून डोकं पाण्यात घालते. बुडबुडे. वर येते, खोकते, अहो म्हणते. परत घालते. परत —

ओरडलो, तिला सोड, मी येतो.

कमरेला दोर बांधला. दुसरं टोक नावेला. म्हणजे मी बुडाल्यावर तिला माझं प्रेत शोधत बसावं लागणार नाही.

फळी काढतो आहे. शिनो, मला बेटावर उतरव. पण त्याच्या वतीनं बोललीस तसा माझ्या वतीनं एक शब्दही बोलू नकोस. कुणी विचारलं तरी नको. नाहीतर मीही तुझ्या आत —