पेपरात गुंडाळलेली पट्टी

गुरुवार, १२ फेब्रुवारी, दिवेलागण

शेषरावकाका जाऊन महिना झाला. आज काकू उरलेल्या गोळ्या परत करायला शहागंजच्या माझ्या मेडिकलवर आल्या. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या त्या, आणि मी पेपरात गुंडाळून दिलेली दुसरी पट्टी. तिच्यातली एक गोळी कमी होती.

ही दुसरी गोळी रक्तवाहिन्या सैल करून पुरुषाला ताठरता देते. तिच्यावर जिभेखालची गोळी घेतली की रक्तदाब कोसळतो. मला हे पाठ होतं. पण ती मागताना काकांनी मान खाली घातली अन् मी लाजेनं काहीच न विचारता पेपरात गुंडाळली. सगळ्यांना तशीच देतो.

“ही बी छातीचीच व्हय?” काकूंनी विचारलं.

संशोधक छातीचंच औषध शोधायला निघाले होते, सापडलं हे ताठरतेचं. “व्हय,” म्हणालो. खोटं होतं का?

काकूंनी पट्टी पुन्हा त्याच पेपरात गुंडाळली. “मग एखाद्या गरिबाला द्या.”