उपासाला काय खातात

प्रिय मिलिंद,

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. आज लिहिते आहे, कारण आज मी एका नर्सशी तुझ्यासारखं खोटं बोलले. तुझ्यासारखं म्हणजे, प्रत्येक वाक्य खरं ठेवून.

ओवी पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल. शाळेत जाण्याआधी इथे मुलांची तपासणी होते. नर्सनं तिला जंडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून वजनकाट्यावर उभं केलं, उंची घेतली. संगणकावरच्या वजनाच्या आलेखात एक ठिपका उमटला. सगळ्यांत वरच्या रेघेच्याही वर.

ती तुझ्यावर गेली आहे. तुझी आई दर रविवारी फोनवर हे कौतुकानं सांगते.

तुझंही कौतुकच करायची. पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा दारातच म्हणाली, "न्यूझीलंड मानवलं हो माझ्या लेकाला." जागा मानवली की माणूस जाड होतो, आणि त्याला जाड म्हणायचं नसतं. तब्येत सुधारली म्हणायचं. इथे पापाकुरात तुझी तब्येत २०११ पासून सहा वर्षं सुधारत राहिली.

इथल्या दुकानात तुला लार्ज शर्ट बसायचा. पुण्यात डबल एक्सेल लागायचा. देश बदलला आणि तू दोन मापं बारीक झालास. दवाखान्यात बसलो की आजूबाजूला बघून माझ्या कानाशी म्हणायचास, "बघ, मी तर मधला आहे." या एवढ्याशा देशात तुला दिलासा द्यायला माणसं कमी नव्हती. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याकडे, चिप्स आणि फिझीच्या, गोड सोड्याच्या बाटल्या घ्यायला आलेला प्रत्येक जण तुला तुझ्या बाजूचा साक्षीदार वाटायचा.

आणि तुझा तो उपास.

डॉक्टरांनी साखर बघितली, रक्तदाब बघितला, विचारलं, खाण्यावर काही बंधन ठेवतोस का? तू म्हणालास, "आय फास्ट ट्वाइस अ वीक." सोमवार आणि शनिवार. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आदर उमटला की मला भिंतीकडे बघावं लागलं. "गुड ऑन यू, मेट," ते म्हणाले, आणि तसं टाइप केलं.

बिचाऱ्यांना साबुदाणा कुठून माहीत असणार? तुपातली खिचडी, वर बटाट्याचा कीस, पाकातली रताळी, संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. एरवी दोन पोळ्यांत उठणारा तू उपासाला ताटावरून हलायचा नाहीस. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण इंग्रजीत कुणी केलेली नाही.

गाडीत मी म्हटलं, "अरे, त्यांना वाटलं तू त्या दिवशी काहीच खात नाहीस."

"त्यांनी विचारलं का, उपासाला काय खातोस? मी खोटं बोललो का?"

"नाही."

"मग? सोमवारी खिचडीत दाणे जरा जास्त घाल."

मी हसले. हसले, मिलिंद. तूप मीच घालत होते. त्या खोलीत मला तोंड होतं, इंग्रजीही येत होतं. आपल्या घरातलं परक्यासमोर कशाला काढायचं, एवढंच मनात आलं.

आठ महिन्यांनी तू स्टेशनच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला सापडलास. घरापासून स्टेशन चालत दहा मिनिटं. तू रोज गाडीनं जायचास. एक्केचाळीस वर्षांचा होतास. सांत्वनाला आलेले लोक म्हणाले, किती निर्व्यसनी माणूस.

आज नर्सनं विचारलं, ओवी काय खाते. मी म्हटलं, "आम्ही शाकाहारी आहोत. फिझी घरात आणत नाही. पोळी, भाजी, वरणभात, दूध." सगळं खरं. पोळीवर तूपसाखर, दुधात तीन चमचे चॉकलेट पावडर, आणि माझी मीटिंग चालू असताना तिनं गप्प बसावं म्हणून हातात बिस्किटांचा पुडा, हे नर्सनं विचारलं नाही.

नर्स स्वतः अंगानं मोठी होती, आवाज मऊ. म्हणाली, "मदत करणारी माणसं आहेत. घरी येतात, रागवत नाहीत. हिचं नाव पाठवू?"

"गरज नाही. हे बाळसं आहे."

"बाळसं?"

"आमच्या भाषेत, निरोगी मूल."

तिनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला, आवडीनं. पाच वर्षांच्या मुलीला कसलं आलंय बाळसं, असं विचारायला तिच्याकडे मराठी नव्हती. तुझ्या डॉक्टरांकडेही नव्हती. घरात मुलीशी धड बोलायला आपल्याला ही भाषा जमली नाही. लपायला मात्र पुरली.

गाडीत ओवीनं विचारलं, "मम्मा, माय डॉट वॉज ऑन टॉप. डिड आय विन?"

"नाही, बाळा."

"व्हाय?"

याचं उत्तर तू द्यायला हवं होतंस. ते माझ्यावर टाकून तू निघून गेलास.

उद्या नऊला दवाखाना उघडतो. मी फोन करीन. सांगीन, काल अर्धंच सांगितलं, उरलेलं लिहून घ्या. ओवीचं नाव पाठवा म्हणेन, आणि त्याखाली माझं. काही महिन्यांनी तुझ्या आईला फोनवर नात वाळलेली दिसेल. ती रडेल. बापाविना पोरीला उपाशी मारते म्हणेल. म्हणू दे. तिचं मूल गेलं. माझं मी जाऊ देणार नाही.

तुझ्यावरचा राग अजून न गेलेली,
सुजाता