जंतू नसलेलं दुखणं

बाबा, रोह्याहून पेणला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तुम्ही मला खिडकीशी बसवायचात आणि माझा डावा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायचात. रात्रपाळी करून धाटावच्या कारखान्यातून थेट आलेले असायचात, कपड्यांना कंपनीचा आंबूस वास, आणि नागोठणं यायच्या आत तुमचा डोळा लागलेला. पण झोपेतही माझ्या पायावरचा हात हलायचा नाही. मी तिसरीत होते. नडगी सुजायची, ठणकायची, महिनाभर बरी राहायची आणि पुन्हा सुरू. पेणमधल्या रामवाडीच्या हाडांच्या डॉक्टरांना वाटलं, हाडात पू असणार. त्यांनी ऑपरेशन केलं, हाडाचा तुकडा तपासायला पाठवला. पू निघाला नाही, जंतूही सापडले नाहीत. तरी जंतू मारायची इंजेक्शनं चालूच राहिली, कारण दुसरं काय असेल ते कुणालाच सुचत नव्हतं.

एका सकाळी मी स्टँडवरच बसकण मारली. गाडी सुटायला आलेली, तुम्ही रात्रभर जागलेले. "नाटकं पुरे झाली गो, चल," म्हणालात आणि हाताला धरून मला पायरीवर ओढलंत. तसं आयुष्यात तेवढंच एकदा. पेण येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड फिरवून बसले. दवाखान्यात फ्रॉकचं बटण काढलं, तर गळ्याजवळचं हाड सुजून वर आलेलं.

"मी ओढली हिला, डॉक्टर. माझ्या हातनं झालं," तुम्ही म्हणालात.

डॉक्टरांनी ती सूज बोटाने दाबून पाहिली. ओढल्याने असं होत नाही, म्हणाले. पण इतक्या औषधांवर दुसरंही हाड सुजतं, हे त्यांना पटेना. "बहुतेक जंतू नाहीतच. आणि मी जंतू मारत बसलोय."

त्यांनीच चिठ्ठी देऊन मुंबईला धाडलं. तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी सगळी हाडं तपासली. एका मणक्यातही सूज निघाली. शरीर स्वतःच आपली हाडं सुजवतं, असाही आजार असतो, त्या म्हणाल्या. आता कापाकापी नको, इंजेक्शनं बंद. सुजेच्या गोळ्या, त्याही पोट भरल्यावर, कदाचित काही वर्षं.

त्या वर्षांतल्या सकाळी मला अजून दिसतात. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाळीवरून येऊन, चहाही न घेता माझ्यासमोर बसलायत, माझी भाकरी संपेपर्यंत गोळी मुठीत धरून. हाताला धरून मला उठवणं मात्र तुम्ही सोडलंत. दोन्ही हात पुढे करायचात आणि मी धरेपर्यंत थांबायचात. दहावीपर्यंत दुखणं गेलं. तुमच्या शेवटच्या आजारपणातही तुम्ही विचारलंत, "गळ्याजवळ दुखत नाय ना गो आता?" ओढल्याने असं होत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं तुम्हाला कधी पटलंच नव्हतं.

हे तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. ते हाड तुम्ही ओढायच्या आधी पंधरा दिवस दुखत होतं. आणखी इंजेक्शनं नकोत म्हणून मी लपवलं. सांगायला कितीतरी वर्षं मिळाली, बाबा. पण लहानपणी तुमचं ते जपून वागणं मला आवडायचं, आणि मोठेपणी सांगायची लाज वाटली.