काकीची धुतलेली साडी

२ फेब्रु., सोम.
दापोलीहून नर्सताई आल्या होत्या. मिठूच्या पोटातली नळी बघितली, छाती ऐकली. ठीक आहे म्हणाल्या. निघताना चपला घालता घालता विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?" मी म्हटलं, दूध नळीतून नीट जातंय, कफ कमी आहे. "मिठूचं नाही हो, तुमचं विचारतेय."  मग रडूच आलं, शी! त्यांच्यासमोर. पाच वर्षांचं माझं पोर पडल्या पडल्या टकामका बघत होतं.
ताई म्हणतात, आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची. घरातल्यासारखं कुणी असेल त्याला मी मिठूचं सगळं शिकवते. बोलायला काय जातं.

४ फेब्रु., बुध.
शेजारच्या जनाकाकीच्या कानावर ताईंनी घातलंच. काकी दारात, डोक्यावर टोपली. "मासळीच्या लिलावाला जा गो उद्या. मी हाय ना मिठूजवळ."
मिठू व्हायच्या आधी आम्ही दोघी रोज संध्याकाळी बंदरावर. बोली मी लावायची, टोपल्या ती सांभाळायची. आता ती एकटीच जाते.
तोंडाला आलं ते बोलून गेले, काकी, मिठूला मासळीचा वास सोसत नाही. टोपली सावरून निघून गेली.
नवऱ्याला, सु.ला, फोनवर सांगितलं. लोट्याच्या कारखान्यातून हसतोय नुसता. "हर्णेत राहून वास?" हसू दे. सुट्टीला आला की तोच तर सगळं करतो, म्हणून जास्त बोलले नाही. पण कफ ओढायचं मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हणजे... नाहीच.

५ फेब्रु., गुरु.
काकी आली! न्हाऊन, धुतलेली साडी, केसांत अबोली. लिलाव बुडवून. हात माझ्या नाकाला लावले. "आता बघ, येताय का वास?" लिंबाचा वास येत होता. नखांतसुद्धा लिंबू घासलं होतं तिने.  चहा केला. मिठूला तिचा गजरा फार आवडला, हात सारखा तिकडेच.

१० फेब्रु., मंगळ.
नर्सताईंनी काकीला कफाचं मशीन शिकवलं.  मशीन सुरू झालं तशी म्हणाली, "आई गो, हा तर आमच्या होडीच्या इंजिनासारका ओरडताय." ताई हसल्या, मिठूही. मग दोनदा तिने एकटीने केलं. मी मध्ये तोंड घालत होते, तर ताईंनी मला ओटीवर काढलं. स्वतःच्या घरातून! परवा जायचं ठरलंय. सु. म्हणतो जा. 

१२ फेब्रु., गुरु.
गेले. होड्या लागल्या होत्या, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणत होत्या. सगळं तसंच, मीच तेवढी पाहुणी. बायकांनी सरकून जागा दिली. एकीने विचारलं, "मिठू काय म्हणताय?" दुसरी म्हणाली, "तुला मुद्दाम बोलवत नव्हतो गो, जीवाला लागेल म्हणून." बरं वाटलं आणि रागही आला.
बांगड्यांच्या ढिगावर बोली सुरू झाली. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. घरी मिठू दचकतो म्हणून सगळे हळू बोलतो आम्ही. इतकी वर्षं हळू बोलून बोलून... ढीग दुसरीने नेला. पळत घरी. मिठू शांत झोपलेला, काकी त्याचे पाय चोळत होती.

१९ फेब्रु., गुरु.
लिलाव रंगात आणि काकीचा फोन.  "काय झालं काकी?" "काय नाय गो. पोरगा जागा हाय, तुला शोधताय. फोन चालू ठेव, ऐकू दे त्याला."
फोन कमरेला खोचला आणि बोली लावली. पोटातून, पूर्वीसारखी. माझं मलाच कळेना कुठून आला तो आवाज. कोळंबी मिळाली!
घरी आले तर काकीचे डोळे भरलेले. मिठू दचकला नाही म्हणे. मान वळवून फोनकडे बघत राहिला आणि मोठ्याने हसला. पाच वर्षांत त्याने आपल्या आईचा खरा आवाज ऐकलाच नव्हता. मी खूप रडले. चांगलं रडले.

२५ फेब्रु., बुध.
मिठूला ताप, कफ वाढलाय. दापोलीला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले औषध द्या, दोन दिवस बघू. सु. रजा मिळते का बघतोय. मिठू माझ्या दंडाला गाल लावून पडलाय. त्याच्या कानाशी मोठ्याने बोलून बघितलं, किंचित हसला.
काकी येऊन गेली. उद्याच्या लिलावाचं काही विचारलं नाही तिने.  जाताना आपली धुतलेली साडी आमच्या खुंटीला अडकवून गेली, "हितंच ऱ्हाऊ दे, कधीपण लागेल."