जिन्याचं रेलिंग पूर्ण होईपर्यंत

मी, आकाराम ज्ञानू चौगले, वय वर्षे शहात्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार फुलेवाडी, कोल्हापूर, आज राजीखुशीनं, शुद्धीत आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर लिहून ठेवतो, की मी आज ना उद्या जाणार आहे, आणि मी गेल्यावर माझ्या चीजवस्तूंवरून कोणी कोणाशी बोलायचं सोडू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणाचा दबाव नाही. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. खात्री करून घ्यायला त्यांनी मला तारीख विचारली. मी तारीख सांगितली आणि तिसरीत शिकलेली नदीची कविता चालीवर म्हणायला घेतली. दुसरं कडवं संपायच्या आत त्यांनी सही केली.

हा मजकूर माझी मुलगी अनुजा लॅपटॉपवर टाइप करते आहे. मी सांगतो तसाच करते आहे, पण मधे मधे थांबून माझ्याकडे बघते.

कलम १. बँकेतल्या ठेवी, पेन्शनच्या खात्यात त्या दिवशी असेल ती शिल्लक, आणि अनुजाच्या आईचा, म्हणजे कै. विठाबाईचा, सोन्याचा साज हे सर्व अनुजाचं. साज मोडून नव्या फॅशनचं काही करू नये. विठाबाई तो घालून आरशापुढं उभी राहिली, की मला कविता सुचायची आणि ती म्हणायची, आधी गॅस बंद करा.

कलम २. माझी पुस्तकं मी जिथं शिकवलं त्या हायस्कूलच्या ग्रंथालयाला द्यावीत. कवितांच्या शेजारी पेन्सिलीच्या खुणा आहेत. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा याच्या त्या खुणा आहेत. कोणी हुशार माणसानं त्या खोडू नयेत.

कलम ३. शेजारी श्री. कल्लाप्पा भूपाल मगदूम यांनी आमच्या शेवग्याची फांदी त्यांच्या पत्र्यावर येते म्हणून न विचारता तोडली आणि तिच्या शेंगा आमटीत घातल्या. या बाबतीत मी त्यांना माफ करतो. ते या कागदावर साक्षीदार आहेत, त्यामुळं हे त्यांच्या वाचनात येईलच.

कलम ४. माझी नाटकाची पेटी, तिच्यात दोन दाढ्या, एक टोप, पत्र्याचा मुकुट आणि बाहेर भिंतीला टेकलेला लाकडी पात्याचा भाला, कॉलनीतल्या मंडळाच्या पोरापोरींना द्यावी. नाटकासाठीच वापरावी. भाला मिरवणुकीत नेऊ नये.

या भाल्याची हकीकत सांगणं भाग आहे, कारण पुढच्या कलमाचा अर्थ त्याशिवाय लागायचा नाही. वकील तेजस्वी यांनी इथं समासात 'अनावश्यक' असं लिहिलं होतं. त्यांच्या परवानगीनं मी ते खोडलं आहे.

मला एक थोरला भाऊ आहे. कायद्याच्या भाषेत श्री. बाळासो ज्ञानू चौगले, वय वर्षे एक्क्याऐंशी. मी त्याला आण्णा म्हणतो आणि अरे-तुरे करतो, आणि इथंही तसंच करणार आहे.

तरुणपणी मी एक शोकांतिका लिहिली. वेढ्यात अडकलेला एक किल्लेदार. गडावरचं पाणी संपलेलं. त्याचा धाकटा भाऊ पखाली भरून, माणसं घेऊन चोरदरवाज्यापाशी येतो आणि निरोप पाठवतो, की तू फक्त 'ये' म्हण. किल्लेदार ते म्हणत नाही. आपल्याला कोणी सोडवलं असं लोकांनी म्हणायला नको, एवढ्यासाठी म्हणत नाही. भाऊ दाराबाहेर आणि हा आत, असा पडदा पडतो. किल्लेदाराचं काम आण्णानं केलं. तो तेव्हा उद्यमनगरात टर्नर होता. संध्याकाळी हाताचं ऑइल नीट न धुताच तालमीला यायचा. पण असा आवाज, की शाळेच्या हॉलमधली कबुतरं उडायची.

शेवटच्या प्रवेशात किल्लेदार गुडघ्यावर येतो असं मी लिहिलं होतं. आण्णा तालमीत थांबला.

"गुडघं टेकायचं न्हाय. त्यो उभ्यानं मरंल."

"उभ्यानं कोण मरतं, आण्णा?"

"ह्यो मरतो की."

आणि तो भाल्याला टेकून उभ्यानंच मेला. मागच्या रांगेतली पोरं आधी हसली. मग हसू थांबलं आणि पडदा पडल्यावर कोणी जागचं हललं नाही. स्पर्धेच्या परीक्षकांनी मात्र शेरा दिला, की नायकाचा हट्ट पटत नाही. त्या परीक्षकांशी माझं भांडण मी इथं मिटवत नाही. त्यांनी कधीतरी येऊन माझ्या भावाला भेटून जावं.

पुढं मी सगळी नोकरी वर्गात शोकांतिका शिकवली. 'नायकाचा स्वभावदोष सांगून त्याच्या विनाशाची कारणे लिहा.' उत्तर मीच फळ्यावर लिहून द्यायचो आणि मुलं तेच लिहून आणायची. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, त्यो भाऊ हाकेची वाट बघत भाईर कशाला बसला? मी म्हटलं, नाटक आहे बाळ, खाली बस.

त्या उत्तरात मी एक गोष्ट कधी लिहून दिली नाही, ती इथं देतो. नायकाला पाडणारा दोष कुठून बाहेरून आलेला नसतो. ज्या गुणावर तो उभा असतो तोच दोष असतो. आई आधीच गेली होती; वडीलही गेले तेव्हा मी चौथीत होतो. मामा गगनबावड्याहून आले आणि म्हणाले, दोघं पोरं आमच्याकडं येऊ देत. आण्णा सातवी झालेला. तो म्हणाला, आम्ही कुणाच्या दारात जेवणार न्हाय. दुसऱ्या दिवशी तो फाउंड्रीत वाळू चाळायला गेला. माझी फी, माझी पुस्तकं, माझं बी.ए., माझं बी.एड. सगळं त्या एका वाक्यातून आलं. ज्या ताठ मानेच्या सावलीत मी कविता पाठ केल्या, ती मान वाकत नाही अशी तक्रार मी कोणत्या तोंडानं करू?

पण ती वाकत नाही हे खरं आहे. आण्णानं स्वतःचं वर्कशॉप काढलं, दोन लेथ टाकल्या, नाव कमावलं. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाचा शाफ्टचा माल परत आला. माप कमी पडत होतं. शेठ भला माणूस होता. तो म्हणाला, बाळासो, चुकलं म्हणा आणि नवीन करून द्या, विषय संपला. आण्णा म्हणाला, "माझं माप चुकत न्हाय." गिऱ्हाईक गेलं. त्याच्या मागून दुसरी गेली. आण्णाचा मोजायचा गेजच झिजला होता हे वहिनींकडून मला कळलं. त्यांनी आण्णाला तो पंचगंगेत टाकताना पाहिलं होतं. त्यानं आम्हांला काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. शेवटी लेथ विकल्या.

त्यानंतर आमच्या अनुजाचं लग्न निघालं. मी हे घर नुकतंच बांधलं होतं. वरची खोली मनातल्या मनात आण्णाचीच होती. ते त्याला गुपचूप सांगायचं सोडून मला काय सुचावं? जेवणाच्या पंक्ती बसल्या असताना मी माईक घेतला. दोन ओळी कवितेच्या म्हटल्या आणि जाहीर केलं, की ज्या भावानं मला घडवलं त्याला आजपासून माझ्या घरात हक्काची खोली. टाळ्या पडल्या. मला रडू आलं. आण्णानं पानात काही टाकलं नाही, सगळं संपवलं, हात धुतले आणि विठाबाईला म्हणाला, जेवान झ्याक झालं, येतो आम्ही. वहिनींना घेऊन तो स्टँडवर गेला आणि गारगोटीच्या गाडीत बसला. तिथं वहिनींचं माहेर. त्यानंतर कित्येक वर्षं तो या घरात आला नाही. वहिनी वारल्या, तेव्हा आम्ही गारगोटीला गेलो. विठाबाई गेली, तेव्हा तो स्मशानात आला आणि तिथूनच परतला. गारगोटीत तो एका पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत एकटा राहायचा आणि लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. फोन केला तर तब्येत विचारायचा आणि ठेवायचा.

कलम ५. फुलेवाडीतलं हे घर, खालचा मजला, वरची खोली, गच्ची आणि शेवग्यासह, अनुजाचं. वरच्या खोलीबाबत मात्र मी पहिल्यांदा असं लिहिलं होतं:

'माझ्या पश्चात माझे बंधू श्री. बाळासो यांनी वरच्या खोलीत तहहयात राहावे. हे त्यांच्यावर उपकार म्हणून नसून ते या घराची देखरेख करणारे म्हणून राहतील. घराच्या जिन्याला रेलिंग नाही. ते त्यांनी अनुजाच्या लग्नाआधी स्वतः करायला घेतले होते. चार पायऱ्यांपर्यंत झाले आणि राहिले. दुसऱ्या कोणाकडून मी ते पूर्ण करून घेतलेले नाही.'

मला हे कलम फार आवडलं होतं. आण्णा फुकटचं घेत नाही, पण अर्धं काम त्याला झोपू देत नाही. मी नसेन, घर शांत असेल, तो भाल्याशिवाय जिन्यावर उभा असेल, हात त्या चौथ्या पायरीच्या रेलिंगवर, आणि त्याला सगळं कळेल.

अनुजानं टाइप करणं थांबवलं.

"आबा, तुम्ही गेल्यावर आण्णाकाका येऊन बोलणार कुणाशी? भिंतीशी?"

मी म्हटलं, अगं, तेच तर त्यातलं कारुण्य आहे.

"कारुण्य ऱ्हाऊ दे. तुम्हाला शेवटचा अंक लई आवडतो. लग्नात पण तुम्ही तेच केलं. त्यांना घर द्यायचंय का रडवायचंय, ते एकदा ठरवा की." आणि तिनं लॅपटॉप मिटला.

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, गारगोटीची गाडी किती वाजता आहे बघ.

एसटीत मी मनात तीन भाषणं तयार केली. अनुजा म्हणाली, एक पण करायचं नाही. आण्णा गिरणीमागं मोटारीचं वायंडिंग करत बसला होता. आम्हांला बघून उठला नाही. अनुजाला म्हणाला, बस बाय, आणि मला नुसतं बघितलं. चहा त्यानंच केला. मोटारीवर बोललो, पावसावर बोललो, चंदगडकडं भात कसं आलंय यावर बोललो. माझं बोलणं दोनदा कवितेकडं वळलं, आणि दोन्ही वेळा अनुजानं माझ्या पायावर पाय दिला. शेवटी मी जे खरं होतं तेच म्हटलं.

"आण्णा, परवा मी जिन्यावरनं घसरलो."

त्यानं हातातलं खाली ठेवलं. "कुठल्या पायरीवर?"

"सहाव्या."

"तितं धरायला काय न्हाय."

"न्हाय."

त्यानं तिघांचे कप गोळा करून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "एवढी वरसं झाली, आक्या. दुसऱ्या कुणाकडनं करून घ्यायचं."

"तुझ्या चार पायऱ्यांना जोडून दुसऱ्याचं कसं दिसंल?"

"बोंबलतंय," तो म्हणाला. मग अनुजाकडं बघून म्हणाला, "काम हुईपतोर येतो. झालं की जाणार. आधीच सांगतो."

मी तोंड उघडलं. अनुजानं पुन्हा पाय दिला. मी म्हटलं, बरं.

म्हणून वरचं कलम रद्द करून त्याजागी हे वाचावं:

'वरच्या खोलीत राहण्याचा हक्क श्री. बाळासो ज्ञानू चौगले यांना आजपासूनच, माझ्या हयातीत आणि माझ्या पश्चात, जिन्याच्या रेलिंगचे काम पूर्ण होईपर्यंत राहील. काम पूर्ण झाले की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त त्यांचा. अनुजा, तिचे वारस, इंजिनिअर किंवा कोर्ट यांनी त्यात पडू नये. कामाबद्दल घाई करू नये. रेलिंग छान झाले आहे असे त्यांच्यासमोर कोणीही म्हणू नये.'

वकील तेजस्वी यांनी विचारलं, की काम पूर्ण म्हणजे काय याची व्याख्या करायला नको का. मी म्हटलं, नको. त्या थोडा वेळ जिन्याकडं बघत राहिल्या आणि पुढचं पान घेतलं.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अनुजानं करावी. माझा दहावा-तेरावा साधा करावा. माईक लावू नये.

हे सर्व मला वाचून दाखवलं आणि ते मला मान्य आहे. वाचन चालू असताना जिन्यात ग्राइंडर चालू होता, त्यामुळं कलम ५ दोनदा वाचावं लागलं. आण्णा इथं येऊन चार महिने होत आले. रेलिंग गच्चीपर्यंत पोचलं आहे आणि मी ते धरून चढतो-उतरतो. आज सकाळी त्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसली, आणि तेव्हापासून मला काही सुचत नव्हतं.

सहीसाठी आलेल्या कल्लाप्पांनी आत येता येता, काही माहीत नसताना, वर हाक मारली, की आण्णा, झालं काय तुमचं काम?

ग्राइंडर थांबला. आण्णा कठड्यावरनं वाकून खाली बघत राहिला. आधी कल्लाप्पांकडं, मग दाराशी ठेवलेल्या पिशवीकडं, मग माझ्याकडं. मी हातातली पानं सारखी करत बसलो.

"न्हाय ओ," तो म्हणाला. "तिसरा खांब ओळीतनं भाईर गेलाय. माझ्याच हातनं चुकलंय. खालपासनं सगळं काढाय लागतंय."

आणि ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. अनुजानं पिशवी उचलून वर नेऊन ठेवली, खाली येऊन एवढं टाइप केलं, आणि आता मी सही करतो.

(सही) आकाराम ज्ञानू चौगले

मृत्युपत्र करणाऱ्यानं आमच्या डोळ्यांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर:

साक्षीदार १. (सही) कल्लाप्पा भूपाल मगदूम, फुलेवाडी. कलम ३ वाचले. शेंगा कोवळ्या होत्या.

साक्षीदार २. (सही) ॲड. तेजस्वी विजयसिंह घाटगे, कोल्हापूर

ठिकाण: फुलेवाडी, कोल्हापूर
दिनांक: ९ जानेवारी २०२६